खाणीचा पैसा आणि जमिनीचा पैसा

वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझे माहेर मुळशी तालुक्यातले. गेल्या वीस वर्षांत आमच्या भावकीतल्या बहुतेकांनी रस्त्याकडेच्या जमिनी विकल्या. काहींनी त्या पैशातून गाड्या घेतल्या, लग्ने थाटात केली, आणि आज त्यांचीच मुले त्या जमिनीवर उभ्या राहिलेल्या सोसायटीत रखवालदारी करतात. एका चुलत्यांनी मात्र दौंडकडे बागायत घेतली आणि दोन्ही मुलींना शिकवले. परवा नातवाचा भूगोल घेताना झांबियातले तांबे आणि बोत्स्वानातले हिरे यांबद्दल वाचले. जमिनीखाली एवढे धन असूनही काही देश गरीबच का राहतात? आपल्यासारख्या आर्थिक सुधारणा त्यांनी केल्या नाहीत म्हणून का?
– एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : आपल्या भावकीचा दाखला इतका चपखल आहे, की तिथूनच सुरुवात करतो. जमीन विकून हाती आलेली रक्कम हे उत्पन्न नसते. वाडवडिलांच्या ठेवीची ती मोड असते. पगार खर्च झाला तरी पुढच्या महिन्यात पुन्हा येतो, जमीन परत येत नाही. खनिजाचेही तसेच आहे.

झांबिया १९६४ साली स्वतंत्र झाला, तेव्हा त्याच्या निर्यातीत तांब्याचा वाटा ९० टक्क्यांहून अधिक होता. भाव चढे होते तोवर शाळा, दवाखाने, सरकारी नोकऱ्या आणि शहरातल्या स्वस्त मक्याचे अनुदान असे सगळे त्यावर चालले. १९७५ च्या सुमारास तांब्याचा भाव कोसळला. ही मंदी चार दिवसांची आहे असे धरून सरकारने कर्ज काढून खर्च तसाच चालू ठेवला. भाव मात्र पुढे कित्येक वर्षे सावरला नाही आणि कर्ज तेवढे उरले.

बोत्स्वाना १९६६ साली स्वतंत्र झाला, तेव्हा साऱ्या देशात डांबरी रस्ता जेमतेम १२ किलोमीटर होता आणि पदवीधर होते २२. पुढच्याच वर्षी ओरापा येथे हिरे सापडले. ही जागा राष्ट्राध्यक्ष सेरेत्से खामा यांच्याच जमातीच्या मुलखात होती. तरीही त्यांच्या सरकारने १९६७ च्या कायद्याने भूगर्भातील खनिजांवरचा हक्क जमातींकडून काढून देशाकडे घेतला. या साऱ्या कथेत मला सर्वांत मोठी वाटणारी गोष्ट हीच. हक्क देशाचा झाल्यामुळे हिऱ्यांची खाण चालवणाऱ्या कंपनीशी घासाघीस करायला एकच धनी उरला, आणि सरकारचा खाणीतला हिस्सा सुरुवातीच्या १५ टक्क्यांवरून १९७५ पर्यंत निम्म्यावर गेला. खनिजाचे उत्पन्न रोजच्या खर्चात न घालता शाळा, आरोग्य, रस्ते यांत गुंतवायचे, असा दंडक अंदाजपत्रकाला घालून घेण्यात आला. १९९४ मध्ये पुढच्या पिढ्यांसाठी ‘पुला फंड’ उभा राहिला. सेत्स्वाना भाषेत पुला म्हणजे पाऊस. कोरड्या मुलखातल्या लोकांनी आपल्या चलनालाही हेच नाव दिले आहे. तरीसुद्धा बोत्स्वानाचा बहुतांश निर्यात व्यापार आजही हिऱ्यांचाच आहे, आणि प्रयोगशाळेत घडवलेले हिरे बाजारात आल्यापासून त्या देशाची तिजोरी पुन्हा ताणाखाली आली आहे. पैसा जपून वापरला, पण दुसरा धंदा पुरेसा उभा राहिला नाही.

तो का उभा राहत नाही, याचेही उत्तर आपल्या गावात सापडेल. जमिनीचे पैसे आले की मजुरी वाढते आणि शेतीला माणूस मिळेनासा होतो. देशाच्या बाबतीत परकीय चलनाचा लोंढा आला की देशाचे चलन महाग होते, आयात माल स्वस्त पडतो आणि स्थानिक शेती व कारखाने स्पर्धेत टिकत नाहीत. नेदरलँड्समध्ये १९५९ साली वायूचा मोठा साठा सापडल्यानंतर हे दिसले, म्हणून त्याला ‘डच डिसीज’ म्हणतात.

आता सुधारणांविषयी. झांबियानेही सुधारणा केल्या. १९९७ ते २००० या काळात खाणी खासगी कंपन्यांना विकल्या. पण भाव तळाला असताना, घाईने, अवघ्या ०.६ टक्के स्वामित्वधनाच्या (खनिज काढण्याबद्दल सरकारला द्यायच्या रॉयल्टीच्या) करारांवर त्या विकल्या गेल्या. लवकरच तांब्याचा भाव कैक पटींनी चढला आणि सरकारला त्यातले फारच थोडे मिळाले. १९९१ मध्ये आपल्यावरही सोने परदेशी गहाण टाकण्याची वेळ आली होती. परंतु परवान्यांचे बंधन सैल झाले, तेव्हा त्याचा लाभ उठवायला पिंपरी-चिंचवडसारखे कारखान्यांचे पट्टे आणि तंत्रनिकेतनांतून शिकलेले कामगार आधीच तयार होते. दार उघडले, त्या वेळी घरात बाहेर जाणारे कोणीतरी होते. कच्चा माल पाठवायचा आणि पक्का विकत घ्यायचा ही विभागणी निसर्गनियम नव्हे, असे न्यायमूर्ती रानडे यांनी १८९२ मध्ये पुण्यातच, डेक्कन कॉलेजातील व्याख्यानात मांडले होते.

प्रश्न : गडचिरोलीतील लोहखनिजाबाबत हाच धोका आहे का?
– एक विद्यार्थी, शिवाजीनगर, पुणे

उत्तर : आहे. भारताचे चलन एका जिल्ह्यामुळे हलणार नाही, पण तिथल्या माणसाच्या वाट्याला काय येते, हा प्रश्न तोच आहे. खाण व खनिज कायद्याच्या २०१५ च्या दुरुस्तीनुसार प्रत्येक खाणजिल्ह्यात जिल्हा खनिज प्रतिष्ठान असते. खाणपट्टेधारकाला स्वामित्वधनाखेरीज त्याच्या १० टक्के, जुन्या पट्ट्यांसाठी ३० टक्के रक्कम तिथे भरावी लागते. तो निधी खाणबाधित गावांसाठी आहे, आणि अनुसूचित क्षेत्रात त्याच्या कामांना ग्रामसभेची मान्यता लागते. आपण तिकडे अभ्यासाला गेलात, तर आधी ग्रामसभेचे इतिवृत्त मागून पाहावे.