वाचकांचे प्रश्न : ऑनलाइन पदवीची सुरुवात कशी करावी?

प्रश्न : बारावीनंतर लग्न झाले आणि शिक्षण थांबले. सध्या यवतमाळ जिल्ह्यातील आर्णी तालुक्यात सासरी राहते. घरच्यांच्या संमतीने ऑनलाइन बी.ए. करण्याचा विचार आहे. ही पदवी नोकरीसाठी चालते का? अभ्यास मोबाइलवर जमेल का? आणि कापूस वेचणीच्या दिवसांत सवड कशी काढावी?
— एक वाचक, आर्णी तालुका

उत्तर : मान्यताप्राप्त विद्यापीठातून घेतलेली ऑनलाइन किंवा दूरस्थ पदवी नियमित पदवीच्या समकक्ष मानली जाईल, असे विद्यापीठ अनुदान आयोगाने सप्टेंबर 2022 मध्ये स्पष्ट केले आहे. मात्र विद्यापीठ नामांकित आहे एवढ्यावर विसंबू नये. आपण निवडलेल्या अभ्यासक्रमाला त्याच सत्रासाठी ऑनलाइन पद्धतीची परवानगी आहे का, हे आयोगाच्या दूरशिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर स्वतः पाहावे. तालुक्याच्या गावी ‘आमच्याकडे पैसे भरा, बाकी आम्ही पाहतो’ असे सांगणारा कोणी भेटल्यास त्याच्यामार्फत प्रवेश घेऊ नये, कारण विद्यापीठांना असे काम फ्रँचायझीला देण्याची परवानगीच नाही.

आपल्या बाबतीत खरी अडचण कागदपत्रांची येऊ शकते. प्रवेशापूर्वी डिजिलॉकर या सरकारी अ‍ॅपमधून एबीसी आयडी (शैक्षणिक श्रेयांकांच्या खात्याचा क्रमांक) आणि त्यावरून डीईबी आयडी (वर सांगितलेल्या दूरशिक्षण विभागाचा क्रमांक) काढावा लागतो, आणि ही सारी साखळी आधारवर चालते. बारावीच्या गुणपत्रिकेवर माहेरचे आडनाव आणि आधारवर सासरचे, असे असल्यास अर्ज तिथेच अडकू शकतो. म्हणून विवाह नोंदणी प्रमाणपत्र हाताशी ठेवावे आणि नावातील फरकाबाबत विद्यापीठाला शुल्क भरण्याआधीच ईमेलने विचारून लेखी उत्तर घ्यावे. आधारला जोडलेला मोबाइल क्रमांक भावाचा असेल आणि भाऊ पुण्याला असेल, तर प्रत्येक ओटीपीसाठी त्याला फोन करत बसावे लागेल; त्यापेक्षा आधार केंद्रावर जाऊन स्वतःचा क्रमांक जोडून घेणे सोयीचे.

मोबाइलवर व्याख्याने पाहता येतात. रात्री उशिरा रेंज बरी मिळत असेल आणि व्हिडिओ डाउनलोड करण्याची सोय असेल, तर ते तेव्हाच उतरवून घ्यावेत, म्हणजे दिवसा वीज गेली किंवा नेट गेले तरी अभ्यास अडत नाही. मोठी उत्तरे टाइप करणे मात्र त्या लहान पडद्यावर जिकिरीचे होते, त्यासाठी संगणकाची सोय शोधून ठेवावी. पदवीचे शुल्क भरण्याआधी केंद्र सरकारच्या ‘स्वयम्’ या मंचावर आवडीच्या विषयाचा एखादा छोटा अभ्यासक्रम पूर्ण करून पाहावा, असे आम्ही आग्रहाने सुचवतो. तेथे शिकणे विनामूल्य असते, शुल्क केवळ प्रमाणपत्राच्या परीक्षेचे. आणि दर आठवड्याचा स्वाध्याय वेळेत देणे आपल्याला जमते की नाही, हेही कळते. ऑनलाइन म्हणजे केव्हाही, असा समज घेऊन आलेले विद्यार्थी पहिल्या महिन्यातच मागे पडतात. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाच्या (इग्नू) बहुतेक अभ्यासक्रमांत स्वाध्यायांना 30 टक्के भार असतो, म्हणजे स्वाध्याय बुडाले की केवळ परीक्षेच्या बळावर निभावणे कठीण.

प्रवेश घेण्यापूर्वी माध्यमाचीही चौकशी करावी, कारण अनेक विद्यापीठांचे ऑनलाइन साहित्य इंग्रजी किंवा हिंदीत असते. मराठीतच शिकायचे असल्यास नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचा दूरस्थ बी.ए. हा पर्यायही चांगला आहे; त्याची विभागीय केंद्रे अमरावती आणि नागपूर येथे आहेत.

राहिला वेचणीचा प्रश्न. जुलैच्या सत्रात प्रवेश घेतल्यास पहिली परीक्षा साधारण डिसेंबर-जानेवारीत, म्हणजे ऐन वेचणीत येते. विद्यापीठ जानेवारीतही प्रवेश देत असेल तर आमच्या मते तोच घ्यावा. जूनमधली परीक्षा पेरणीच्या घाईत सापडू शकते हे खरे, पण त्याआधीचे फेब्रुवारी ते मे हे महिने कोरडवाहू शेतीत तुलनेने मोकळे असतात. परीक्षेच्या तारखा जाहीर होताच घरी सांगाव्यात, म्हणजे त्या दिवसांपुरता वावरात मजूर लावण्याचा विचार वेळेवर करता येईल.