जेनोसाइड: नरसंहार की वंशसंहार?

प्रश्न असा आलाय की आफ्रिकेतल्या रवांडात १९९४ ला जे घडलं त्याबद्दल मराठीत लिहिताना जेनोसाइडला हत्याकांड, नरसंहार, वंशसंहार यातलं काय म्हणायचं, तिन्ही एकच ना?

एकच नाहीत, आणि इथे तरी फरक जपायलाच हवा. हत्याकांड म्हणजे एका जागची एक घटना, जालियनवाला बागेसारखी. नरसंहारात खूप माणसं मारली एवढं कळतं, का मारली ते नाही. राफाएल लेमकिन या कायदेतज्ज्ञाने १९४४ मध्ये ग्रीक आणि लॅटिन जोडून जेनोसाइड शब्द केला तोच मुळी हेतू सांगायला, की हा समूहच उरू द्यायचा नाही. आपल्याकडे 'तुझा निर्वंश होवो' असा शाप देतात ना, तो याच्या सगळ्यात जवळ जातो, म्हणून मी वंशसंहारच म्हणेन.

फक्त 'वंश' जपून वाचा. हुतू आणि तुत्सी हे रवांडातले दोन समाज एकच भाषा बोलतात, किन्यारवांडा, शेजारी-शेजारी राहायचे, आपसात लग्नंही व्हायची, ओळखपत्रावर हुतू की तुत्सी ते लिहायची पद्धत बेल्जियन राजवटीतली आणि १९९४ ला नाक्यानाक्यावर तेच कार्ड बघून कट्टर हुतूंनी तुत्सी माणसं मारली. त्यांच्या भाषेत आधी दोन शब्द जोडीने यायचे, इत्सेम्बाब्वोको म्हणजे समूहाचा संहार आणि इत्सेम्बात्सेम्बा म्हणजे सरसकट कत्तल, कारण याला विरोध करणारे हुतूही मारले गेले होते. आता तिथे जेनोसिदे रूढ आहे.

एवढा कीस का काढतोय, तर तेव्हा लोक मरत असताना हा शब्दच टाळला गेला. युनोच्या १९४८ च्या जेनोसाइडविषयीच्या कराराच्या नावातच आधी प्रतिबंध येतो, शिक्षा नंतर, म्हणजे शब्द मान्य केला की थांबवायला जावं लागणार, म्हणून अमेरिकन प्रवक्ते 'जेनोसाइडची कृत्यं' घडली म्हणत राहिले पण सरळ जेनोसाइड म्हणेनात, आणि युनोच्या सुरक्षा परिषदेने २१ एप्रिलला रवांडातली शांतिसेना २७० माणसांवर आणायचं ठरवलं. साधारण १०० दिवसांत ८ लाख माणसं गेली असा युनोचा आकडा आहे. त्यामुळे 'टोळीयुद्ध' तर कृपया लिहूच नका, त्यात मारणारे आणि मरणारे सारखेच दिसतात.

आणि षष्ठी सांभाळा. 'रवांडाचा वंशसंहार' नको, 'रवांडातला तुत्सींचा वंशसंहार' असं पूर्ण लिहा, तिथल्या राज्यघटनेतही २००८ पासून तुत्सींचं नाव घेऊनच उल्लेख आहे.