मूळ प्रतीमागे धावण्याआधी

जॅझ बासरीची सुरुवात तुम्ही लॉइड मॅकनील यांच्यापासून करा. वॉशिंग्टनच्या या चित्रकार-बासरीवादकाने 1969 मध्ये ‘आशा’ ही तबकडी स्वतःच्याच लेबलवर काढली; लंडनच्या सोल जॅझ या रेकॉर्ड कंपनीने ती पुन्हा बाजारात आणली. अशा नव्या आवृत्त्या महाग वाटतात, कारण परवाना, मास्टरिंग (छपाईआधी ध्वनीची अंतिम जुळणी) आणि तबकड्या छापण्याचे धातूचे साचे यांचा खर्च प्रती कितीही काढल्या तरी जवळपास तेवढाच येतो व कमी खपाच्या संगीतात तो थोड्याच प्रतींवर पडतो. मात्र वेष्टनावर परवान्याचा आणि मूळ टेपचा उल्लेख पाहिल्याशिवाय पैसे टाकू नका. मी एकदा घाई केली, तेव्हा हाती आलेल्या तबकडीत खरखर पुसण्याच्या नादात वादकाचा श्वासही पुसला गेला होता. ओठाच्या कडेवरून निसटणारी ती हवा हेच तर या वाद्याचे निम्मे सौंदर्य आहे.