कॅलिफोर्निया मेक्सिकोकडून अमेरिकेकडे गेल्यावर जुन्या रँचवाल्यांच्या, म्हणजे गुरं पाळणाऱ्या मोठ्या जमीनदारांच्या, जमिनी लगेच गेल्या का?

नाही, लगेच नाही. कोर्टकचेरीत हळूहळू गेल्या. १८४८ च्या तहात मालमत्तेची हमी होती, पण १८५१ च्या कायद्याने प्रत्येकाला आपली मालकी एका सरकारी आयोगापुढे सिद्ध करायला लावलं. जमिनीच्या मेक्सिकन सनदेसोबतचा नकाशा हाताने काढलेला. हद्द म्हणजे ओढा, टेकडी, एखादं ओकचं झाड. अमेरिकन मोजणीपुढे ते टिकवणं अवघड. बहुतेक दावे अखेर मंजूर झाले, तरी वकील आणि सावकारांची देणी भागवताना जमिनी विकाव्या लागल्या. हा सरळ अन्यायच होता. गुरांचा धंदा मात्र सुरुवातीला उलट वधारला: आधी गुरं मुख्यतः कातडी-चरबीसाठी कापत, सोनं सापडल्यावर खाणकामगारांमुळे मांसाला भाव आला. दक्षिण कॅलिफोर्नियातले कळप मेले ते १८६२-६४ च्या दुष्काळात.