टॉर्चच्या उजेडात : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आम्ही केज तालुक्यातले चौघं मित्र. मायबाप ऊसतोडीला गेल्यावर गावात मागं राहिलेली लेकरं कशी दिवस काढतात, यावर सिनेमा लिहून झालाय. पुण्याच्या एका ओळखीच्यानं 90 लाखांचं बजेट काढून दिलं. तो म्हणतो, थिएटरच्या नादी लागू नका, ओटीटीवाले सव्वा कोटीला डोळे झाकून घेतील. वडील दोन एकर विकायला तयार आहेत. आई काहीच बोलत नाही. काका, काय करावं? (कृपया नाव छापू नये.)

उत्तर : आधी आईला बोलतं कर. तुझ्या अख्ख्या पत्रात कामाचं वाक्य तेवढंच आहे.

जमीन विकायची नाही. यावर तू मला दोन उदाहरणं देशील, मला माहीत आहे. फाळक्यांनी विम्याची पॉलिसी गहाण टाकली होती, आणि भाऊराव कऱ्हाडेंनी 'ख्वाडा'साठी रान विकलं, पुढं राष्ट्रीय पुरस्कारांत नाव झालं. दोन्ही खरं आहे. पण रान विकून बुडाले त्यांची मुलाखत कुणी छापत नाही. मला ती माणसं तोंडपाठ आहेत, कारण त्यांच्या रिळांच्या पेट्या मी एसटीच्या टपावर चढवल्यात.

नव्या वाचकांसाठी सांगतो. मी बावीस वर्षं वितरकांचा रिप्रेझेंटेटिव्ह होतो. प्रिंटसोबत गावोगाव जायचं, टॉकीजमध्ये बसायचं आणि रोजचा डीसीआर, म्हणजे किती तिकिटं फाटली त्याचा कागद, सही करून मालकाला पाठवायचा. मॅनेजर म्हणायचा, बाल्कनीत चाळीस माणूस आहे. मी इंटरव्हलच्या आधी दार लोटून टॉर्च मारायचो आणि डोकी मोजायचो. चाळीसची सत्तर निघायची. या सदराचं नाव तिथूनच आलंय.

तर ओटीटी. तुझा मित्र सांगतो तो भाव लॉकडाऊनमधला आहे. 2020-21 ला थिएटरं बंद होती, या कंपन्यांना ग्राहक धरायचे होते, माल कमी होता. तेव्हा खरंच पटापट सौदे झाले. आता त्या आधी विचारतात, थिएटरमध्ये काय धंदा झाला? त्यात गिऱ्हाइकं कमी झालीत. नोव्हेंबर 2024 मध्ये रिलायन्स आणि डिस्नेचा इथला कारभार एकत्र झाला, फेब्रुवारी 2025 मध्ये जिओसिनेमा आणि हॉटस्टार मिळून एकच दुकान उघडलं. मोंढ्यात दोन खरेदीदारांचा एक झाला की सोयाबीनच्या भावाचं काय होतं, हे मी केजच्या माणसाला सांगायचं का?

आणि 'ओटीटी घेतंय' या शब्दात दोन वेगळे व्यवहार आहेत. एकात ठरलेली रक्कम मिळते, चार-पाच वर्षांसाठी हक्क जातात. दुसऱ्यात हातात काही पडत नाही. सिनेमा त्यांच्या फळीवर मांडला जातो आणि लोकांनी जितकी मिनिटं बघितला तितके पैसे येतात. नवख्या मराठी पोरांच्या गळ्यात बहुतेक वेळा हा दुसरा पडतो. माझ्या मेहुण्याच्या पोरानं असा सिनेमा दिला. तीन महिन्यांनी हिशेब आला, 3,870 रुपये. मेहुण्यानं तो कागद लॅमिनेट करून दिवाणखान्यात लावलाय, पाहुणे आले की दाखवतो. पोरगं त्या खोलीत बसत नाही.

म्हणून त्या पुण्याच्या माणसाला एकच विचार : सव्वा कोटी एमजी आहे का, म्हणजे सिनेमा चालो न चालो मिळणारी ठरलेली रक्कम आहे का, असेल तर कुणाच्या लेटरहेडवर? पैसे सहीला किती, डिलिव्हरीला किती, प्रदर्शनानंतर किती? तो म्हणेल, आधी सिनेमा तर होऊ दे. मग चहा पाजून त्याला गाडीत बसव.

करार समोर आलाच तर मुदत कोरी सोडायची नाही. आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यात 19 वं कलम आहे. हक्क लिहून देताना मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, आणि हद्द लिहिली नसेल तर भारतापुरती. म्हणूनच त्यांचे वकील 'कायमस्वरूपी' आणि 'संपूर्ण विश्व' हे शब्द न चुकता घालतात. तिथं पेन थांबव. थिएटर, टीव्ही, डिजिटल, डबिंग, परदेश, गाणी ही सगळी वेगळी शेतं आहेत, एका सातबाऱ्यावर देऊ नको. मी 1998 साली एका मराठी सिनेमाचे मराठवाड्याचे हक्क एमजीवर घेतले आणि सव्वा लाखाला बसलो. सिनेमा वाईट नव्हता. ऐन पेरणीत लावला, ती अक्कल माझी. पण टीव्हीचे हक्क निर्मात्यानं आधीच दिलेत हे मला चौथ्या आठवड्यात कळलं. परभणीच्या लॉजवर, टीव्हीवरच.

आणखी एक. ओटीटीला सेन्सॉर लागत नाही, तेवढा खर्च वाचवू, असं कुणीतरी सुचवील. ऐकू नको. थिएटर असो की राज्याचं अनुदान, सर्टिफिकेटशिवाय दार उघडत नाही. अनुदानाचा हिशेब गेली काही वर्षं असा चालत आलाय : सिनेमा पूर्ण करायचा, समिती बघते, गुण देते. अ दर्जाला 40 लाख, ब दर्जाला 30 लाख. ताजा शासन निर्णय डोळ्यांनी वाच, आणि ध्यानात ठेव की हे पैसे सिनेमा झाल्यावर, तेही सरकारी चालीनं येतात. त्यांच्या भरवशावर सावकार गाठायचा नाही.

म्हणजे करायचंच नाही का? कर. 90 लाखांचं बजेट फाडून टाक. त्यात दोन व्हॅनिटी व्हॅन आणि बारा दिवसांचं हॉटेल आहे, न बघता सांगतो. तुझी गोष्ट तांड्यावरची, लेकरं तिथली, घरं तिथली. दसऱ्यानंतर टोळ्या हलतात तेव्हा गाव खरंच रिकामं होतं, ते रिकामपण पैसे देऊन उभं करता येत नाही आणि तुला ते फुकट मिळतंय. पटकथा घेऊन गोव्याच्या फिल्म बाजारला अर्ज कर, तो एनएफडीसी, म्हणजे केंद्र सरकारचं चित्रपट विकास महामंडळ भरवतं. रोहन कानवडे यांचा 'साबर बोंडं' अशाच पटकथेच्या प्रयोगशाळा आणि सहनिर्मितीच्या दारांतून गेला आणि जानेवारी 2025 मध्ये अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात मोठा ज्युरी पुरस्कार घेऊन आला, मराठी बोलत. वेळ लागतो. पण वेळ विकून रान जात नाही.

पैशासाठी 'मंथन' आठव. 1976 साली गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी दोन-दोन रुपये घातले आणि सिनेमा झाला. लागला तेव्हा तीच माणसं ट्रक भरभरून बघायला आली. मला यातला दुसरा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. ज्यानं पैसे घातलेत तो बघायला येतोच. मुकादम, टोळीवाले, आश्रमशाळेचे मास्तर यांना तिकिटं आधीच विका, शंभराचं एक, पावती फाडून. मात्र 'परतावा देतो', 'हिस्सा देतो' असं म्हणून गोळा करू नका. अनियंत्रित ठेवी गोळा करायला बंदी घालणारा 2019 चा कायदा आहे, आणि आपल्या भागात मल्टिस्टेट पतसंस्थावाल्यांनी लोकांना जे दाखवलंय ते अजून ताजं आहे. 'परतावा' म्हटलं की माणूस आधी चप्पल शोधतो.

प्रश्न : मी सेलूचा, सेवानिवृत्त शिक्षक. सगळं मोबाइलवर आलेलं असताना सरकारनं मराठी सिनेमाला पैसे का द्यावेत? आमच्या शाळांची छपरं गळतात.

उत्तर : गुरुजी, छपरांचं तुम्ही बरोबर बोललात. म्हणून शाळेचे पैसे सिनेमाला देऊच नयेत. सिनेमाचे सिनेमाला द्यावेत.

फ्रान्समध्ये प्रत्येक तिकिटातून 10.72 टक्के कापून सिनेमाच्या सरकारी संस्थेकडं जातात आणि तिथून पुढच्या सिनेमांना. मग तो पैसा अमेरिकन सिनेमाच्या तिकिटातून आलेला का असेना. ओटीटी आल्यावर त्यांनी 2021 मध्ये नियम केला : नेटफ्लिक्ससारख्यांनी फ्रान्समधल्या कमाईचा 20 ते 25 टक्के भाग तिथल्या आणि युरोपातल्या निर्मितीत घालायचा. स्वित्झर्लंडनं तर मे 2022 मध्ये लोकांचं मतदान घेतलं, 4 टक्के घालायला लावायचे का, आणि लोक हो म्हणाले. आपल्याकडं अशी सक्ती नाही. ओटीटीच्या वर्गणीवर तुम्ही-आम्ही 18 टक्के जीएसटी भरतो, तो मोठ्या तिजोरीत जातो आणि सिनेमाचा रस्ता विसरतो. वर, पूर्वी मराठी सिनेमाला करमणूक कर माफ होता, 2017 ला ती सवलतही जीएसटीनं गिळली.

केरळ सरकारनं मार्च 2024 मध्ये स्वतःचा ओटीटी काढला, सी स्पेस. वर्गणी नाही, सिनेमा बघायचा तर 75 रुपये, निम्मे निर्मात्याला. चांगली कल्पना आहे, पण मुंबईत कुणी त्याची नक्कल करायला निघालं तर मी विरोधात असेन. फोनमध्ये आणखी एक ॲप आल्यानं सेलूतला माणूस मराठी सिनेमा बघेल, हे मला पटत नाही. मल्याळी माणसाला सिनेमाची सवय त्याच्या गावातल्या थिएटरनं लावली, ॲप मागून आलं.

माझं म्हणणं वेगळं आहे, आणि मुंबईच्या निर्मात्यांना ते आवडत नाही. अनुदान आज सिनेमा बनवणाऱ्याला मिळतं. दाखवणाऱ्याला द्या. दीडशे खुर्च्या, एक प्रोजेक्टर, एसी आणि धड संडास, एवढं तालुक्याच्या गावी उभं करणाऱ्याला. अट एकच, वर्षाचे इतके खेळ मराठी. सिनेमाला पहिला रुपया तिथून आला तर निर्माता ओटीटीसमोर ताठ बसेल. आज तो हात पसरून बसतो, कारण त्याच्याकडं डीसीआरच नाही.

आमच्याकडं तर दुखणं जुनं आहे. मराठवाडा 1948 ला मुक्त झाला, 1956 ला मुंबई राज्यात आला, 1960 ला महाराष्ट्रात. पण हिंदी सिनेमाच्या व्यापाराच्या नकाशात संभाजीनगर, नांदेड, परभणी, बीड अजून 'निजाम' सर्किटमध्ये, म्हणजे त्या नावाच्या वितरण विभागात आहेत. ट्रेडची आकडेवारी उघडून बघा. निजाम गेला, सर्किट राहिलं. मुंबई-पुण्याच्या वितरकाला आम्ही कायम पलीकडचे वाटलो, ते उगीच नाही.

प्रश्न : उदगीरहून लिहिते. पुण्याची बहीण सिनेमा बघून फोनवर सगळी गोष्ट सांगते. आमच्याकडं लागेपर्यंत तो टीव्हीवर येतो. लागलाच तर दुपारी बाराला एक खेळ. असं का? (गृहिणी)

उत्तर : ताई, बाराचा खेळ म्हणजे निकाल आधी लिहून ठेवलेला खेळ. बाराला माणूस नाही म्हणून सोमवारी उतरवायचा. मल्टिप्लेक्सनं दुपारी 12 ते रात्री 9 मध्ये एक खेळ मराठीचा ठेवावा असं राज्य सरकारनं 2015 मध्ये सांगितलं, आणि 12 हा त्या वेळेत बसतो की! कागद खूश.

तुमच्या हातात एक गोष्ट आहे. 2023 ला 'बाईपण भारी देवा' बायकांनी चालवला, गटागटानं, एकसारख्या साड्या नेसून. तुमचा बचत गट असेल तर साठ जणींची यादी करा आणि सिनेमा लागायच्या आधीच्या सोमवारी थिएटरच्या मॅनेजरला भेटा. बुधवारी दुपारी तीनचा खेळ आम्हाला द्या, पैसे आत्ता घ्या, म्हणा. तिकीट शंभराच्या आत बसवायला सांगा. सप्टेंबर 2025 पासून शंभरापर्यंतच्या तिकिटावर 5 टक्केच जीएसटी आहे, वर गेलं की 18. मॅनेजर लोकांना मी ओळखतो. रोख साठ तिकिटं समोर आली की वितरकाला फोन तोच करतो.

प्रश्न : माळेगावच्या यात्रेतला तंबू टॉकीज पुन्हा येईल का? (लोहा, जि. नांदेड)

उत्तर : तसाच येणार नाही. तो ट्रक, ते कार्बनचे प्रोजेक्टर आणि कर्ण्यावरून 'चला चला, पिक्चर सुरू झाला' ओरडणारा माणूस, यातलं काही राहिलं नाही. पण आता प्रोजेक्टर एका माणसाच्या बगलेत मावतो आणि सिनेमा डब्यातून येत नाही. यंदा यात्रेत कुणी तंबू ठोकलाच तर मला कळवा. खुर्ची नको, टॉर्च माझा मी आणतो.