आधी चावी खिशात ठेवा

प्रश्न (कोपरी, ठाणे): वडिलांची जुनी डिझेल स्विफ्ट घेऊन पंपावर गेलो. मी फोनवर होतो. पंपावरच्या मुलाने हजार रुपयांचं पेट्रोल भरलं. "वरून डिझेल टाका, चालून जाईल," असं तो म्हणाला आणि मी ते ऐकलं. घोडबंदर रोडला कासारवडवलीपाशी गाडी बंद पडली. हे टाळता आलं असतं का?

टाळता आलं असतं, तेही टाकी रिकामी करण्याच्या खर्चात. चुकीचं इंधन टाकीत पडलं म्हणून इंजिन बिघडत नाही, ते पुढे गेल्यावर बिघडतं. गाडीत इंधन जोराने इंजिनाकडे ढकलणारा हायप्रेशर पंप असतो, आणि डिझेल हे त्याचं वंगणही असतं. तिथला दाब हजार बारच्या वर जातो (एक बार म्हणजे साधारण आपल्या भोवतालच्या हवेचा दाब). पेट्रोल ते वंगण धुऊन काढतं, धातूवर धातू घासतो आणि सुटलेला बारीक कीस इंजिनात इंधन फवारणाऱ्या इंजेक्टरपर्यंत पोहोचतो. वरून डिझेल ओतल्याने हे थांबत नाही.

म्हणून चूक कळताच गाडी सुरू करायला जाऊ नका. अनेक गाड्यांत नुसतं इग्निशन ऑन केलं तरी टाकीतला पंप इंधन पुढे ढकलू लागतो. स्टिअरिंगचं लॉक सुटेल इतकीच, पहिल्या टप्प्यापर्यंत चावी फिरवा, न्यूट्रलमध्ये गाडी ढकलून बाजूला घ्या आणि मेकॅनिकला बोलवा. बिल मात्र फाडू नका. त्यावर कोणतं इंधन भरलं हे लिहिलेलं असतं.

आता तुमच्या गाडीचं. पुन्हा स्टार्ट करून बघू नका, टोचन लावून गॅरेजला न्या. कुणी थेट इंजेक्टर बदलायला सांगितलं, तर आधी डिझेल फिल्टर उघडून दाखवायला सांगा. त्यात धातूची चमक नसेल, तर टाकी आणि लाइन साफ करून, नवा फिल्टर टाकून काम भागू शकतं.

त्या मुलाची चूक आहेच, पण ती कशी होते तेही सांगतो. मारुतीने एप्रिल २०२० पासून डिझेल गाड्या बंद केल्या. त्यामुळे स्विफ्ट दिसली की नव्या मुलाचा हात आपसूक पेट्रोलच्या नोझलकडे जातो. झाकणाच्या आत-बाहेर 'डिझेल' असा ठळक स्टिकर लावा, आणि खाली उतरून मोठ्याने "डिझेल" म्हणा. वडील गाडी नेणार असतील तर त्यांनाही हे सांगून ठेवा.

प्रश्न (कळंबोली): आमच्या नव्या ट्रकच्या डिझेल टाकीत क्लीनरने चुकून डीईएफ ओतलं, जेमतेम अर्धा लिटर. चालेल का?

अजिबात नाही. डीईएफ म्हणजे युरिया आणि पाणी, धुरातलं प्रदूषण कमी करण्यासाठी वेगळ्या टाकीत भरतात ते. ते डिझेलमध्ये मिसळत नाही, तळाशी बसतं आणि लाइनमध्ये त्याचे खडे होतात. ट्रक जागेवरच ठेवून टाकी काढून धुवा. डीईएफचं झाकण निळं असतं, हे क्लीनरला दाखवून ठेवा.

प्रश्न (ऐरोली): स्कूटरची टाकी मी नेहमी गळ्यापर्यंत भरून घेते. उन्हात उभी केली की पेट्रोलचा वास येतो. गळती आहे का?

बहुधा नाही, टाकी जास्त भरली जाते आहे. तापमान दहा अंशांनी वाढलं की पेट्रोल साधारण एक टक्का फुगतं. पाच लिटरच्या टाकीत हे पन्नास मिलिलिटर झाले, त्यांना जागा हवी. जागा नसली की पेट्रोल वाफेच्या नळीत शिरतं आणि पुढे वाफ शोषून घेणाऱ्या कोळशाच्या डब्यात (कॅनिस्टरमध्ये) जाऊन तो खराब करतं. नोझल आपोआप 'टक्' करून थांबलं की तिथेच थांबायला सांगा. रक्कम गोल करण्यासाठी वर दहा रुपयांचं घालून घेऊ नका. भरताना स्कूटरवरून उतरा. आणि पावसाळ्यात झाकण नीट बसलंय ना, ते बघा. आता पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते पाणी ओढून घेतं आणि पाणी जास्त झालं की त्याच्यासकट तळाशी बसतं. मग सकाळी स्कूटर सुरूच होत नाही.

प्रश्न (घणसोली): आईचे गुडघे दुखतात. सीएनजी भरताना तिला गाडीतच बसू दिलं तर?

नको. सिलिंडरमध्ये गॅस सुमारे २०० बार दाबाने भरतात, म्हणजे टायरमधल्या हवेच्या ऐंशी-नव्वद पट. अपघात क्वचितच होतो, पण झाला तर गुडघे दुखणाऱ्या माणसाला चटकन बाहेर पडता येत नाही. म्हणूनच आईंना सगळ्यात आधी उतरवा. रांग लांब असेल तर पंपात शिरण्यापूर्वीच सावलीत, सोबत कुणीतरी देऊन बसवा. सिलिंडरची हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाने होणारी तपासणी, दर तीन वर्षांनी करावी लागते. तिची तारीख गाडीवरच्या पट्टीवर असते, ती आजच वाचा.