आमदारांना पत्र लिहायचंय, पण काय लिहू?

प्रश्न : नातू इथल्या मराठी माध्यमाच्या सरकारी शाळेत तिसरीत आहे. पाचवीपर्यंत ७४ मुलं, शिक्षक दोनच. बाई फळ्याच्या अर्ध्या भागावर दुसरीची वजाबाकी लिहितात, उरलेल्यावर तिसरीचे पाढे. विचारलं की ‘वरून मंजुरी नाही’. आमदारांना काय लिहू?
– एक आजी, दांडिया बाजार, बडोदे

उत्तर : आजी, नुसतं ‘शाळांना निधी वाढवा’ लिहिलंत, तर ‘पाहतो’ एवढंच उत्तर येईल. फळ्याचं लिहा, अगदी असंच. त्याखाली कायदा : २००९च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टाप्रमाणे प्राथमिक शाळेत ६१ ते ९० मुलांमागे तीन शिक्षक हवेत. म्हणजे तिसरं पद तुमच्या हक्काचं आहे, कुणाची मेहरबानी नव्हे. त्या पदासाठी तरतूद करा आणि विधानसभेत प्रश्न विचारा, असं स्पष्ट मागा.

‘दिल्लीहून पैसे येत नाहीत’ हे ऐकवतीलच. समग्र शिक्षा योजनेत केंद्राचे ६० टक्के, तर राज्याचे ४०. राज्याचा वाटा गांधीनगरलाच मंजूर होतो. केंद्राच्या वाट्यासाठी एक प्रत खासदारांना पाठवा.

शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. सूनबाईंना सांगून समितीचा ठराव जोडा. एकटीच्या सहीपेक्षा तो भारी पडतो. आणि हो, सयाजीराव महाराजांनी १९०६ साली संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं नि मोफत केलं, हेही एका ओळीत घाला. बडोद्याच्या आमदाराला ते झोंबायलाच हवं!

पत्र गुजरातीत लिहा, अर्थसंकल्पी अधिवेशनाआधी द्या आणि पोच घेतल्याशिवाय कार्यालयातून उठू नका.